चिमटाअक्काची कॅसेट

चिमटाअक्काने लग्नात ज्याच्या नावाने गाणं म्हटलं नाही, तो पाहुणा जेवणावर रुसायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. लग्नांचं शूटिंग करणं हा माझा धंदा, त्यामुळे मांडवातले रुसवेफुगवे मी कॅमेऱ्यातून, म्हणजे जरा मोठे करूनच पाहिले आहेत. साक्रीकडच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा पहिल्याच पंगतीतून ताडकन उठून चालते झाले. सगळ्यांना वाटलं, भाजीत मीठ राहिलं. मग कळलं ते असं, की अक्काने नवरदेवाच्या बापाची, काकाची, आत्याची, एवढंच काय, घोड्याचीसुद्धा गाण्यातून फिरकी घेतली आणि मामांना तेवढं वगळलं. अक्का पिठाच्या हातानेच उठली, मामांना बसस्टँडवर गाठलं आणि तिथे उभ्या उभ्या त्यांच्या मिशीवर दोन कडवी म्हटली. मामा हसत हसत मांडवात परतले आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवले.

आमच्या खान्देशात लग्नात बायका समोरच्या पक्षाला गाण्यातून शिव्या घालतात. विहीणबाईचं नाक, व्याह्याचं पोट, नवरदेवाची चाल, काही म्हणजे काही सुटत नाही. ज्यांना घातल्या त्यांनीही मुकाट बसायचं नसतं, लगेच त्याच चालीत उत्तर द्यायचं असतं. या शिव्यांनी कोणाचं वाईट होत नाही, उलट सोयरीक पक्की होते असा आमचा समज आहे. अक्काच्या शिव्या तर शिव्याही नव्हत्या, चिमटेच होते. त्यावरूनच तिला ते नाव पडलं. ती म्हणायची, "चिमटा काढाना, बोचकाराना नही. रंगत निंघनं का गानं वाया गयं." म्हणजे रक्त निघालं की गाणं फुकट गेलं. माणसाच्या पोटावर ती गायची, पण पोटच्या पोरांवर कधी नाही. सुनेच्या आळसावर गायची, तिच्या रंगावर चुकूनही नाही. ही रेघ तिने कुठे आणि कशी आखली होती ते मला कधी नीट सांगता येणार नाही, पण ती ओलांडलेली मी पाहिली नाही.

ती खरी बोलावली जायची मांडे करायला. मांडे म्हणजे आमची पुरणपोळी, पण पोळपाट-लाटण्याच्या जिवावर होणारी नव्हे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत, थापटत, वाढवत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. अक्काच्या हातांवर तो गोळा बघता बघता उपरण्याएवढा व्हायचा. हात चालायला लागले की तोंड चालायचं. गोळा हातावर घेताना पहिली ओळ, तो खापरावर पडताना शेवटची. मांडा मोठा असला तर कडवं लांबायचं. एका लग्नात पीठ सैल झालं होतं, मांडे भराभर फाटत होते, तर त्या दिवशीची सगळी गाणी दोन-दोन ओळींची झाली आणि लोकांना तीच जास्त आवडली.

माझ्या निकाहालाही ती आली होती. आली म्हणजे कोणी बोलावलं नव्हतं, बातमी लागली तशी खापर घेऊन आली. माझ्या अम्मीला म्हणाली, "सलीम मना पोऱ्या शे. याना लगनमा मी गाऊ नही ते कोन गाई?" आणि चुलीपाशी बसून तिने माझ्या सासूबाईंवर सुरुवात केली. सासूबाई मालेगावच्या, त्यांना अहिराणी समजेना. त्या आपल्या कौतुकाने मान डोलावत होत्या. मग कोणीतरी कानात अर्थ सांगितला, की विहीणबाई पान खाऊन इतकी लाल झाली, की गल्लीतल्या म्हशी बुजल्या. सासूबाईंनी पानाचा तोबरा गालात सरकवला, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि त्यांच्या घरच्या बोलीत अक्काच्या खापरावर असं काही सुनावलं, की अक्काच्या हातातला मांडा चुलीत पडला. अक्का इतकी खूश झाली, की जाताना सासूबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू पयले का नही भेटनी वं?" पुढे त्या दोघींची फोनवर मैत्री झाली. कोण कोणत्या भाषेत बोलायचं हे मी कधी विचारलं नाही.

अक्काला मूलबाळ नव्हतं. नवरा तरुणपणीच गेला. धुळ्यात देवपुरात तिची दोन खोल्यांची जागा होती आणि तिच्या भावाची मुलगी ज्योती कॉलेजपुरती तिच्याकडे राहायला होती. भाऊ पिंपळनेरला, किराणा दुकानदार. त्यांना सगळे नाना म्हणत. ज्योती अक्काला फुई म्हणायची, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा अक्काने कुंभाराकडे जाऊन नवं खापर सांगितलं. आपल्या हाताखाली वाढलेली पोर, तिच्या मांडवात आपणच चुलीपाशी बसायचं आणि मुलाकडच्यांची अशी फिरकी घ्यायची की पिंपळनेर दोन पिढ्या आठवण काढील, हा तिचा मनसुबा होता. कोणीही भेटलं की ती तेच सांगायची. मला तर इतक्या वेळा सांगितलं की शूटिंगची तारीख मी न लिहिताच पाठ झाली.

मध्यंतरी लग्नांत डीजे आले. अक्का मांडे थापटतेय, ओठ हलताहेत, आणि ऐकू येतोय तो छातीत धडधडणारा ठोका, असं चित्र मी कितीतरी लग्नांत टिपलं. पाहुणे येऊन तिच्या तोंडाशी कान लावायचे, तरी समजायचं नाही. एकदा ती माझ्या दुकानात येऊन बसली. चहा घेतला. मग म्हणाली, "डीजेमा माले कोनी आईकस नही. मंग मी डीजेमाच जाईसन बससू." मला काही उलगडेना. तिनेच समजावलं. मोबाइलवर, रिक्षात जशी गाणी वाजतात तशी तिची गाणी भरून द्यायची. तिच्या भाषेत, कॅसेट काढायची. कॅसेट कधीच्या गेल्या, हे तिला मी सांगितलं नाही आणि आजही आमच्याकडे कोणी त्या गाण्यांना कॅसेट सोडून दुसरं काही म्हणत नाही.

दुकानामागच्या खोलीत मी भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली होती. ढोलकीवाला आला, मी कानाला हेडफोन लावला, अक्काला माइकसमोर उभं केलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती गप्प झाली. पाणी दिलं, चहा दिला, पंखा बंद केला. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी माइककडे बोट करून म्हणाली, "याना समोर काय गाऊ? याले ना नाक शे, ना मिशी." मग ढोलकीवाल्याला समोर बसवला. त्याला नाकही होतं आणि मिशीही, तरी जमेना. ज्योती कोपऱ्यात बसली होती. ती काही न बोलता घरी गेली आणि कणकेचा गोळा घेऊन आली. अक्काने तो हातावर घेतला, एकदा थापटला आणि जी सुटली ती संध्याकाळ होईस्तोवर थांबली नाही. त्या थापटण्याचा आवाज मी काढून टाकायचा म्हणत होतो. ढोलकीवाला म्हणाला, "भाऊ, तो काढशी ते मी वाजाऊ कशावर?" तो तसाच राहिला. पुढे जळगावच्या एका संगीतवाल्याने मला फोन करून विचारलं, की हे कुठलं वाद्य आहे आणि कुठे मिळतं.

'चिमटा' असं आम्ही कॅसेटला नाव दिलं आणि ती सोडली. मग काय विचारता. धुळ्यातल्या रिक्षा, यावलच्या केळीच्या गाड्या, शिरपूरकडची हॉटेलं, जिथे जावं तिथे अक्का. शेतात भरीत-पार्टीला जाऊन वांग्यापेक्षा स्वतःचेच फोटो जास्त काढणाऱ्यांवर एक गाणं होतं. मुलीला घरकाम येतं का विचारणाऱ्या आणि मुलाला काय येतं ते न सांगणाऱ्या सासवांवर एक होतं. मयतीला येऊन हात जोडण्याची नि मतं मागण्याची सवय लागलेल्या पुढाऱ्यांवर एक होतं. ज्या डीजेवाल्यांनी तिचा आवाज दाबला होता, तेच आता मिरवणुकीत तिची गाणी लावत होते. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, "आवाज जरा मोठा कर ना रे."

वाद झाला तो शालीच्या गाण्यावरून. गाणं सत्काराची चटक लागलेल्या एका नानाचं होतं:

शालवर शाल, शालवर शाल,
उन्हायामा नाना व्हयना लाल.
घरमा नारय, खाटखाले नारय,
नानी म्हने, आते तरी सत्कार टाय.

घरात नारळ, खाटेखाली नारळ, बायको म्हणते आता तरी सत्कार टाळ, इतकं साधं गाणं. पण खान्देशात दगड भिरकावला तर तो एखाद्या नानाला नाहीतर आबाला लागतो, आणि सत्कार कोणाला नको असतो? आठवड्याच्या आत धुळ्यातल्या एका वजनदार नानांची पोरं माझ्या दुकानात आली. गाणं आमच्या नानांवर आहे, ते काढा आणि त्या बाईला माफी मागायला लावा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पाणी पाजतोय तोवर जळगावहून दुसऱ्या नानांच्या माणसांचा फोन आला. गाणं त्यांच्या नानांवर होतं. तिसऱ्या दिवशी यावलचे केळीवाले नाना निघाले. त्यांच्या कार्यकर्त्यांनी तर तहसील कचेरीत निवेदनच दिलं.

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. पुढे जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. तिन्ही नानांच्या माणसांची आपसात जुंपली. व्हॉट्सॲपवर धुळेकर लिहू लागले, की अक्का धुळ्याची, तेव्हा नानाही धुळ्याचेच. जळगावकरांनी आपल्या नानांच्या सत्कारांचे फोटो टाकले, म्हणजे पुरावाच. यावलवाले म्हणाले, उन्हाळ्यात लाल होणारे नाना फक्त आमचे, बाकीचे एसीत बसतात. अपमान झाला म्हणून जे आले होते, ते आता तो अपमान दुसऱ्याला मिळू नये म्हणून भांडत होते. मी हसून हसून बेजार झालो. अक्का हसत नव्हती.

पोलीस स्टेशनातून बोलावणं आलं तेव्हा मी तिच्यासोबत गेलो. साहेब पुण्याकडचे, समजूतदार माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, हे गाणं नक्की कोणत्या नानांवर आहे?"

अक्का म्हणाली, "साहेब, तुम्हले कोनावर वाटस?"

"मला कोणावरच वाटत नाही."

"मंग मिटनं ना."

साहेब हसले. म्हणाले, "माझं मिटलं, पण त्यांचं नाही. एक माफीचा व्हिडिओ करून टाका, विषय संपेल." तेव्हा अक्का जे बोलली ते मी अजून विसरलो नाही. ती म्हणाली, "माफी मांगी का शिवी खरी व्हस. आते ती खोटी शे, ते खोटीच राहू द्या." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला, की माफी मागितली म्हणजे मनापासून शिवी दिली असं होतं, मग ती लागते. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

पण लोक साहेबांसारखे नव्हते. तीन ठरलेल्या लग्नांतून अक्काला निरोप आले, की या वेळी मांडे करायला दुसरी बाई बघितली आहे. कारण कोणी सांगेना, वाद नको एवढंच. अक्का म्हणायची, "नको ते नको. त्यास्ना मांडा फाटी." तिला त्याचं फार वाटलं नाही. तिला खुपत होतं ते वेगळंच. पिंपळनेरहून फोन येणं बंद झालं होतं. लग्न महिन्यावर आलं, बस्ता झाला, पत्रिका वाटून झाल्या, आणि सख्ख्या बहिणीला भावाने साधं विचारलंही नाही. नवं खापर दाराआड तसंच उभं होतं. ती येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसायची आणि विषय बदलायची.

लग्नासाठी पिंपळनेरला गेलेल्या ज्योतीचा एका दुपारी मला फोन आला. म्हणाली, "सलीमदादा, ते गाणं आमच्या नानांवरच आहे. ते शेवटचं कडवं ऐका." मी ऐकलेलं होतं, पण कान देऊन नव्हे. ते असं होतं:

हयदना डागनी शाल नानानी वाटी,
फिरी फिरी उनी ती नानानाच पाठी.

खरी गोष्ट अशी, की पिंपळनेरचे नाना शाळेला बक्षिसं, भजनी मंडळाला टाळ, व्यायामशाळेला वजनं असं काही ना काही देत आणि बदल्यात शाली घेत. घरी शाली फार झाल्या, की तेच त्या दुसऱ्यांच्या सत्काराला पाठवत. त्यातली हळदीचा डाग पडलेली एक शाल तालुकाभर खांदे बदलत फिरली आणि एका समारंभात पुन्हा नानांच्याच अंगावर आली. ही गोष्ट जगात फक्त नानांना, नानींना, ज्योतीला आणि अक्काला ठाऊक होती. तिन्ही मोठ्या नानांनी त्या डागाकडे लक्षच दिलं नव्हतं. अक्काने पोलीस स्टेशनात एक शब्द टाकला असता, तरी सगळं वादळ शमलं असतं. पण मग भावाचं नाव पेपरात आलं असतं. म्हणून ती तिघांचा राग अंगावर घेत बसली होती.

"नाना काय म्हणतात?" मी विचारलं.

ज्योतीने बापाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "शिवीनं माले काही नही. कितला लगनमा दिन्ही तिनी. पन मांडवमा मी समोर बठेल राहस, तिले जबाब देता येस. आठे कोठे देऊ? रिक्षाले देऊ का?" आणि वर हेही म्हणाले होते, की मांडवात ती आली तर मी उठून जाईन.

मी तसाच देवपुरात गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, भावाला चार शब्द सुनावेल. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "खरं शे त्यानं. मांडवनं गानं मी बाहेर लई गयी, आनि जबाब देनारानी जागा तठेच राही गयी." डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, अक्का, भावाची तरी माफी माग, घरातलंच आहे. ती म्हणाली, "त्यानी ते मुयीच नही. त्यानावरनी शिवी मी खरी करू?" पदराने डोळे पुसले, आणि पुढच्याच क्षणी तिच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा खट्याळपणा आला. "त्याले फोन कर," ती म्हणाली. "सांग, धुयाले सत्कार शे."

मी फोन केला. सत्कार कोणाकडून, कशाबद्दल, नानांनी काहीही विचारलं नाही. किती वाजता, एवढंच विचारलं.

नाना आले ते इस्त्रीचं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध अशा थाटात. आत गोधड्या लावलेल्या खोलीत बघतात तो माइक, ढोलकीवाला आणि कणकेचा गोळा घेऊन बसलेली बहीण. ते वळलेच. अक्का दारात आडवी झाली. तिने कोरी शाल त्यांच्या अंगावर टाकली, हातात नारळ दिला आणि माइककडे बोट दाखवून म्हणाली, "सत्कारच शे नाना. जबाब देवाना मान तुना. बस." शाल अंगावर पडली की नाना बसतात, ही सवय तिला माहीत होती. ते बसले.

पण नानांना गाता कुठे येत होतं? पहिला चहा झाला, दुसरा झाला. अक्का समोर बसून नुसती कणीक थापटत राहिली. त्या आवाजाने म्हणा, की लहानपणीचं काही आठवलं म्हणून म्हणा, नानांनी घसा खाकरला आणि ढोलकीच्या पुढे-मागे, सुराच्या अल्याड-पल्याड त्यांनी जे सुरू केलं ते असं:

गानं मनावर शे, मी पिंपळनेरना नाना,
बाकीना बठ्ठा उगाच करतस ठणाणा.
बहीननं तोंड का आगीवरनं खापर?
जो समोर उना त्याना व्हयना पापड.

अक्का हसता हसता लवंडली. कणकेचा गोळा तिच्या हातातून उडून गोधडीला चिकटला. नानांना चेव आला. लहानपणी चिंचेच्या झाडावर चढून खाली उतरता न आलेली अक्का, सासरी जाताना रडू येईना म्हणून डोळ्याला कांदा लावणारी अक्का, सगळ्या जगाची मापं काढणारी आणि स्वतःचं वय दहा वर्षांनी कमी सांगणारी अक्का, अशी एकामागून एक कडवी निघाली. तिने मधे उत्तर दिलं, त्यांनी पुन्हा दिलं. मी मशिन चालू ठेवलं आणि ढोलकीवाल्याने ठेका धरायचा नाद सोडून दिला. निघताना नाना दाराशी थांबले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "मांडवले दोन दिन पयले ये. पुरन नानीले जमत नही."

नानांचा जबाब आम्ही कॅसेटला जोडला. तो अक्काच्या गाण्यांच्याही वर गेला. गाणं कोणाचं याचा निकाल लागला तसे तिन्ही मोठ्या नानांचे कार्यकर्ते एकदम शांत झाले, पण त्या शांततेत थोडी निराशा होती. यावलच्या नानांनी तर केळीचा आख्खा घड दुकानावर पाठवला आणि निरोप दिला, की पुढच्या कॅसेटला आमच्यावर एखादं कडवं होतं का बघा. अक्काने घड ठेवून घेतला आणि उलट निरोप पाठवला, "आधी समोर ई बठा." म्हणजे आधी समोर येऊन बसा.

ज्योतीच्या लग्नात नानांनी मांडे होईपर्यंत डीजे बंद ठेवायला लावला. अक्का नव्या खापरापाशी बसली होती. मुलाकडच्या पंचवीस-तीस बायका जय्यत तयारीने आल्या होत्या, कारण कॅसेट त्यांनीही ऐकली होती. दुपारपर्यंत दोन्हीकडून अशी काही झड लागली, की नवरदेवाने माझ्या कॅमेऱ्यात बघून हात जोडले. मी आयुष्यात शेकड्यांनी लग्नं काढली. माझ्या धंद्यातलं ते सगळ्यात वाईट शूटिंग आहे, कारण हसण्याने माझा हात हलत होता, आणि लोक आजही तेच मागून नेतात.

पुढच्या थंडीत अक्का गेली. दुखणं नाही, खुपणं नाही, सकाळी ज्योतीशी फोनवर बोलली, दुपारी पडली ती उठलीच नाही. मला तिच्यासारखं माणूस पुन्हा भेटलेलं नाही, आणि भेटेल असं वाटतही नाही. ते असो.

दिवस संपले तेव्हाचा गंधमुक्तीचा कार्यक्रम पिंपळनेरला नानांच्या दारात झाला. माणूस मावत नव्हतं. भाषणं सुरू झाली. लोककलेची अपरिमित हानी, पोकळी, वगैरे. ज्यांनी निवेदन दिलं होतं त्यांतलेही दोघे बोलून गेले. शेवटी नाना उठले. माइक हातात घेतला. मग म्हणाले, "मी भाषण करत नही," आणि त्याच बेसूर आवाजात, त्या मुंडन केलेल्या डोक्याने, सगळ्या गावासमोर त्यांनी गाणं काढलं:

अक्का गयी वर नि देव दडना दूर,
त्याना बी मुकुटवर तिनी धरा सूर.

मांडवात कोणाला काय करावं कळेना. एक-दोघे हसले आणि लगेच गप्प झाले. भटजी खाली बघू लागले. नानांनी माइक तोंडापासून बाजूला घेतला आणि ते थांबले. मांडवात कडवं म्हटल्यावर थांबतात तसे थांबले, उत्तरासाठी. आणि उत्तर देणारं कोणी नाही हे त्यांना उभ्या उभ्या समजलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. मी कॅमेरा आणला नव्हता याचं मला बरं वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. ज्योती उठली नव्हती, बसल्या जागेवरूनच म्हणत होती, मांडीवर हाताने थाप देत:

देवनं सोड नाना, तुनं देख आते,
फुई गयी ते काय व्हयनं, मी शे ना आठे.

आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव. नानांनी उपरणं तोंडाला लावलं. खांदे हलत होते, ते हसण्याने की रडण्याने ते मला कळलं नाही. उपरण्याआडूनच त्यांनी लेकीकडे हात केला आणि आणखी एक कडवं मागितलं, "आखो म्हन."